तीनशे चारमधलं थिएटर

संगणक विकत मिळतो हे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या तीन महिन्यांत एव्हरशाईन सिटीतल्या किमान अकरा माणसांनी मला ही बातमी नव्याने दिली. त्यात आमचा दूधवालाही होता. पण मला संगणक विकत घ्यायचा नव्हता, बांधायचा होता. तोही साधा नाही, होम थिएटरचा. हॉलमधल्या टीव्हीखाली, शोकेसच्या पोटात गुपचूप बसणारा. त्यात माझ्या दोनशे साठ डीव्हीडी उतरवून ठेवायच्या. रिमोटचं एक बटण दाबलं की टीव्हीवर चित्रपटांची पोस्टरं ओळीने उभी राहणार आणि सोफ्यावर बसलेल्या माझ्या बायकोच्या आणि मुलीच्या तोंडून एकदम निघणार, "अय्या!"

आता सोफ्यावर त्या दोघी नव्हत्या, हे खरं. लतिकाला, म्हणजे माझ्या बायकोला, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना बँकेने बढती दिली आणि गोंदियाला धाडलं. महाराष्ट्राच्या नकाशाची मधोमध घडी घातली तर वसई आणि गोंदिया एकमेकांवर येतील, इतका विचार करून गाव निवडलं होतं. मुलगी आर्या बेंगळुरूला नोकरीला. मी स्वतः छत्तीस वर्षं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांची ड्रॉइंगं काढून एप्रिलमध्ये निवृत्त झालो होतो. "तुम्हीही चला की," लतिका म्हणाली होती. मी म्हटलं, "आणि पाणी कोण भरणार?" आमच्याकडे पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं. तेव्हा मला ते कारण भक्कम वाटलं. ती गेल्यावर कळलं की एका माणसाच्या बादल्या सहा मिनिटांत भरतात. उरलेली चौतीस मिनिटं मी नळाकडे बघत उभा असायचो.

तर दिवाळीला दोघी चार दिवस येणार होत्या, आणि तोवर थिएटर तयार ठेवून त्यांना चकित करायचं, असं मी गणपती उठल्यावर ठरवलं.

पहिला सल्ला समोरच्या तीनशे तीनमधून आला. तिथे हर्षवर्धन राहतो. वय चौतीस, काम कम्प्युटरचंच, त्यामुळे त्याला माझी दया येण्याचा अधिकार आहे.

"काका, कशाला एवढी झंझट?" तो म्हणाला. "एक छोटी स्टिक मिळते. टीव्हीच्या मागे लावायची, वायफाय दिलं की खतम. दोन मिनिटांचं काम आहे."

आता त्याला कसं सांगणार की दोन मिनिटांचं काम हीच तर माझी अडचण होती? माझ्याकडे दोन मिनिटांची कामं भरपूर होती. ती सगळी मी सकाळी साडेनऊपर्यंत संपवायचो.

"हर्षवर्धन," मी म्हटलं, "मी बांधणार आहे."

"ओके काका," तो म्हणाला, आणि दार लावता लावता त्याच्या बायकोला, रोशनीला, काहीतरी बोलला. 'काका' आणि 'टाइमपास' एवढेच शब्द मला ऐकू आले. मी ते मनाला लावून घेतले नाहीत, असं मी तेव्हा ठरवलं.

सगळ्यात आधी कॅबिनेट आलं. काळं, आडवं, देखणं. जुन्या व्हीसीआरसारखं. मी ते कौतुकाने शोकेसच्या खालच्या कप्प्यात सरकवलं, तर ते निम्म्याहून जास्त आत गेलं आणि थांबलं. अजून सरकवलं. मागच्या फळीला टेकलं. पुढून चार बोटं बाहेरच. शोकेसची काचेची दारं लागेनात.

इथे मला माझ्या चारित्र्याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. छत्तीस वर्षांत माझ्या ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक निघाली नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हे माईकवर सांगितलं आहे. अशा माणसाने शोकेसची खोली मोजताना दारांची जाडी आणि मागून निघणाऱ्या वायरींची जागा धरली नाही, हे मला अजूनही दुसऱ्याच कोणाच्या बाबतीत घडल्यासारखं वाटतं. मी चार वेळा मोजून पाहिलं. दर वेळी तेवढंच भरलं.

शोकेस लतिकाची होती. म्हणजे घरातलं सगळंच तिचं आणि माझं, पण शोकेस तिची. तिच्या पहिल्या बढतीच्या आनंदात तिने सुतारासमोर बसून करून घेतलेली. दारं काढायची म्हणजे... पण दिवाळीपर्यंत परत बसवता येतील, असा मी विचार केला. जगातली बरीच मोडतोड 'परत बसवता येईल' याच विचाराने झालेली आहे.

आमच्या सोसायटीत सुतारकाम करायचं तर लेखी परवानगी लागते. छापील अर्ज आहे. त्यात 'कामाचे स्वरूप' अशी एक रेघ आहे. मी प्रामाणिक माणूस. मी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं: होम थिएटर उभारणी.

रविवारी मला कमिटीपुढे बोलावलं.

सेक्रेटरी गॉडफ्रे तुस्कानो. सगळे त्यांना तुस्कानो सर म्हणतात. वसईच्या जुन्या गाववाल्यांपैकी. पस्तीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलं, घरची बागायती वाडी भावांच्या स्वाधीन केली आणि इथे फ्लॅट घेऊन राहिले, बरोबर माझ्या खाली, दोनशे चारमध्ये. त्यांच्या पत्नी मटिल्डाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी सुझान मेलबर्नला. सर सोसायटीचा कारभार वर्ग चालवावा तसा चालवतात. त्यांच्यासमोर मी नेहमी पाय जुळवून उभा राहतो, कारण कळत नाही.

"खानोलकर, निवासी सदनिकेत थिएटर उभारता येत नाही," ते म्हणाले.

"सर, ते तसलं थिएटर नाही. घरातल्या घरात."

"म्हणजे तिकीट नाही?" एका सभासदाने विचारलं.

"तिकीट कसलं? घरातलीच माणसं बघणार."

"तुमच्या घरात माणसं किती?"

हा प्रश्न सरांचा होता. त्यांनी तो अर्ज भरताना विचारतात तसाच विचारला. मी म्हटलं, "सध्या एक."

सरांनी ते लिहून घेतलं. मग दुसऱ्या एका सभासदाने पार्किंगचा मुद्दा काढला, तिसऱ्याने आगीचा. 'उभारणी' या शब्दावर सरांनी पाच मिनिटं घेतली. उभारणी इमारतीची होते, यंत्राची जोडणी होते. मी जोडणी लिहिलं असतं तर सभा घ्यावीच लागली नसती. शेवटी ठराव झाला: 'तीनशे चार यांस शोकेसची दारे काढण्याची मुभा देण्यात येत आहे. एका वेळी चारपेक्षा अधिक प्रेक्षक जमवू नयेत.' मी त्याखाली सही केली.

सुतार आला, दारं उतरवली आणि ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या पलंगाखाली सरकवून गेला.

मग प्रोसेसर अडकला. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. तो वालीवच्या एका कुरिअरच्या गोदामात येऊन बसला, कारण माझा फोन लागला नाही म्हणे. माझा फोन त्या आठवड्यात एकदाच वाजला होता आणि तो कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा होता. रिक्षाने गोदामात गेलो. खिडकीतल्या माणसाने आधार कार्ड मागितलं, ते पार्सलशी ताडून पाहिलं आणि मान हलवली.

"नाव मॅच नाय होत."

माझं नाव कृष्णा. आधार कार्डावर इंग्रजीत 'यू' आहे, पार्सलवर मी 'आय' लिहिला होता.

"अहो, मराठीत वाचा की! दोन्हीकडे कृष्णाच आहे."

"मराठीत सगळं बरोबर असतं काका. सिस्टिम इंग्लिश आहे. घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवा, त्यांचं आधार आणि तुमचं लेटर."

"घरात दुसरं कोणी नाही."

"मग शेजारी?"

शेवटी हर्षवर्धनला शनिवारी न्यावं लागलं. त्याने स्वतःचं कार्ड दाखवलं, दोन मिनिटांत मेंदू ताब्यात घेतला आणि परतताना म्हणाला, "स्टिक घेतली असती ना काका..." मी रिक्षातून बाहेर बघत बसलो.

जोडणीला मात्र मला आठ दिवस लागले आणि ते आठ दिवस सुखाचे गेले. डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरून मी सगळे सुटे भाग ओळीने मांडले. दुपारी टेबल लॅम्प लावून बसायचो. एकेक स्क्रू, एकेक वायर. कोणी तरी आपल्यावर अवलंबून आहे, असं खूप दिवसांनी वाटलं. जेवण ओट्यापाशी उभ्यानेच व्हायचं, पण टेबल रिकामं नाही, हे बघायला बरं वाटायचं. आठव्या दिवशी शेवटची वायर खोचली, टीव्हीला जोडलं, बटण दाबलं. आतला पंखा फिरला, निळा दिवा लागला आणि टीव्हीवर अक्षरं आली: सिग्नल नाही.

दोन दिवस मी सगळं उघडून परत लावलं. मग दिवा निळा लागत होता तोही बंद झाला, तो पुन्हा सुरू व्हायला तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी मी समोरची बेल दाबली. अभिमान गिळताना घशात कसा अडकतो ते मला आता नीट सांगता येईल.

हर्षवर्धनने खोका हातात घेऊन प्रोसेसरचं नाव वाचलं, आणि त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला.

"काका, हे विदाउट ग्राफिक्सवालं मॉडेल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा सगळी कॅल्क्युलेशन्स करेल, पण चित्र काढू शकत नाही. त्याला वेगळं कार्ड लागतं."

छत्तीस वर्षं चित्रं काढून पोट भरलेल्या माणसाने सबंध बाजारातून, हौसेने, चित्र न काढता येणारा मेंदू निवडला होता.

कार्ड मागवलं. ते आलं आणि उंच निघालं. कॅबिनेटचं झाकण लागेना. झाकण काढून ठेवलं, तर कार्ड शोकेसच्या वरच्या फळीला अडे. म्हणून सुताराला पुन्हा बोलावून फळी काढली. त्या फळीवर लतिकाचा डिनर सेट होता, तो फ्रीजवर रचला. तिथली देवीची तसबीर मायक्रोवेव्हवर गेली. अशा रीतीने थिएटर शोकेसमध्ये न बसता शोकेसच थिएटरभोवती उरली. तीही थोडीच.

पण चित्र आलं! मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. दोनशे साठ पोस्टरं ओळीने उभी राहिली. पाच स्पीकर भिंतींवर, आणि घुमणारा आवाज काढणारा मोठा डबा जमिनीवर. मी रिमोट घेऊन सोफ्यावर बसलो आणि डावीकडे बघून म्हणालो, "बघितलंस?" डावीकडे इस्त्रीचे कपडे होते.

चकित करायचं आहे हे विसरून लतिकाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. आर्याला लावला. "बाबा, कॉलवर आहे, अर्जंट आहे का?" अर्जंट नव्हतं. मी समोरची बेल दाबायला गेलो, तर हर्षवर्धन आणि रोशनी दोघंही कामावर. शेवटी इस्त्रीवाला बिल मागायला आला, त्याला दाखवलं. तो म्हणाला, "टीव्ही है ना?" मी म्हटलं, हो.

चकित करायचं असल्यामुळे व्हिडिओ कॉलवर मी फोन नेहमी असा धरायचो की मागे फक्त स्वयंपाकघर दिसावं. दिवाळीच्या आठ दिवस आधी लतिकाचा फोन आला. ती बोलता बोलता थांबली.

"अहो, तुमच्या मागे फ्रीजवर माझा डिनर सेट कसा आला?"

"धूळ पुसत होतो."

"आठवडाभर?"

मी फोन झटकन गॅसकडे वळवला.

"मला शोकेस दाखवा."

दाखवली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो. कोणी तरी घरातल्या घरात मला रागवायला हवं होतं.

"असू दे," ती हळूच म्हणाली. "परत बसवता येईल. ऐका ना, मला दिवाळीला एकच दिवस सुट्टी मिळतेय. ऑडिट लागलंय. एका दिवसात येऊन परत जाणं नाही हो जमणार."

त्या रविवारी आर्याने सांगितलं की मग तीच नागपूरला विमानाने उतरून आईकडे जाईल. "बाबा, तू पण ये ना. तू का तिथे एकटा बसतोस?"

"बघतो," मी म्हटलं. "मशीन नवीन आहे. असं एकटं टाकून येता येत नाही."

मी तिकीट बघितलं. वेटिंग एकशे बेचाळीस होतं. चार दिवस आधीच बघितलं असतं तर मिळालंही असतं. पण चार दिवस आधी मी सोफ्याचं तोंड टीव्हीकडे बरोबर नव्वद अंशांत आणत होतो.

दिवाळी झाली. फराळाची ताटली रोशनीने आणून दिली. चारपेक्षा अधिक प्रेक्षक जमले नाहीत.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी चारला चित्रपट लावू लागलो. चित्रपट मला एका दमात जात नाही. दीड तासाने डोळे मिटतात. म्हणून अर्धा आज, अर्धा उद्या. आवाज मात्र मोठा ठेवायचो. घरात माणसांचे आवाज असले की स्वयंपाकघरात चहा करतानाही एकटं वाटत नाही. भांडणाचे प्रसंग तर मी मुद्दाम उकळी येईपर्यंत चालू द्यायचो.

असेच दहा-बारा दिवस गेले. एका बुधवारी मी एक जुना, काळापांढरा, खुनाच्या खटल्याचा चित्रपट लावला. गिरणीमालकाचा खून झालेला, त्याचा धाकटा मेहुणा पिंजऱ्यात. मध्यंतरापर्यंत बघितला. गुरुवारी सकाळी दाराच्या फटीतून सोसायटीचं लेटरहेड आत आलं.

'सदनिका क्र. ३०४ यांस. आपल्या सदनिकेतून दररोज सायं. चार ते साडेपाच या वेळेत मोठा आवाज येतो. सोमवारी घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. काल सायंकाळी एक गोळीबार झाला व "मी निर्दोष आहे, वकीलसाहेब" हे वाक्य तीन वेळा ऐकू आले. मुनीमजीच्या साक्षीच्या वेळी तर छतावरील पंखा हादरत होता. तरी आवाज मर्यादित ठेवावा. कळावे. गॉ. तुस्कानो, सेक्रेटरी.'

मला फार लागलं. बायको नाही, मुलगी नाही, आणि आता आवाजही नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, तीन मसुदे फाडले. व्याकरणाच्या मास्तरांना पत्र पाठवायचं धाडस होईना. मग कपाटातून हेडफोन काढला, कानांवर चढवला आणि उरलेला अर्धा चित्रपट कोणालाही त्रास न देता पाहिला. खुनी सापडला. मी एकट्यानेच 'अरे वा' म्हटलं, तेही हळू.

शुक्रवारीही हेडफोन. शनिवारी चारला मी हेडफोन चढवतच होतो, तर बेल वाजली.

दारात तुस्कानो सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. मी पाय जुळवले.

"सर, आवाज मी पूर्ण बंद केला आहे. आता तर काहीच..."

"तेच विचारायला आलो," सर म्हणाले. मग जिन्याकडे एकदा बघितलं. "गुरुवारी काहीच ऐकू आलं नाही."

"तुमचं पत्र आलं म्हणून."

"हो. पत्र मी लिहिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो मेहुणा सुटला का?"

"कोण?"

"पिंजऱ्यातला. वकिलाने त्या मुनीमजीला तारीख विचारली आणि तुम्ही बंद केलंत. मला वाटतं, मुनीमजीने मारलं. त्याने साक्षीत एकदा 'मी गेलो होतो' म्हटलं आणि एकदा 'मी जाऊन आलो होतो' म्हटलं. त्यात फरक आहे."

"सर, तुम्ही रोज ऐकत होता?"

"खिडकी उघडी असते," ते म्हणाले. "चारला मी हॉलमध्येच बसतो. मटिल्डा असताना आम्ही चहा घ्यायचो त्या वेळी. आता कुठे जायचं? हल्ली चार वाजले की वर काय लागतंय ते बघायचो. म्हणजे ऐकायचो. घोड्यांचा मला विशेष आवडला नाही."

"मग तक्रार का केलीत?"

"तक्रार सेक्रेटरीची होती. नियम आहे. पंखा खरोखर हलत होता."

"आणि आता?"

"आता मी सेक्रेटरी म्हणून आलेलो नाही," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या मागे हॉलमध्ये डोकावले. दारं नसलेली शोकेस, झाकण नसलेला संगणक, फ्रीजवरचा डिनर सेट, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं आणि शेरा मारला नाही.

मी बाजूला झालो. सोफ्यावरचे इस्त्रीचे कपडे उचलून आतल्या पलंगावर टाकले. सर टोकाशी, पाठ न टेकता बसले. मी हेडफोन काढून बाजूला ठेवला, चहाचं आधण चढवून आलो आणि रिमोट उचलला. पोस्टरं ओळीने उभी राहिली. सर "अय्या" म्हणाले नाहीत. पण चष्मा चढवून पुढे वाकले.

"सर, शेवटचा अर्धा तास लावू? म्हणजे खुनी कळेल."

"नको," तुस्कानो सर म्हणाले. "पहिल्यापासून लावा. खालून तोंडं दिसत नव्हती कोणाची."